फाटका भाता

१

तात्याबाची सकाळ गेली कित्येक वर्षं एकाच वाटेनं जात होती. उठायचं, चूळ भरायची, परड्यात जाऊन गाईपुढं कडबा टाकायचा, शेण काढायचं आणि मग छपरात जरा वेळ उगाच उभं राहायचं. अगदीच उगाच नव्हे. छपराच्या मागच्या भिंतीशी त्याचा भाता होता. दोन फळ्या, मधे चामड्याच्या घड्या, पुढं लोखंडी नळी. त्याच्याकडं एकदा बघितलं की तात्याबाचा दिवस सुरू व्हायचा. देवाकडं बघतात तसं नाही, थकलेल्या बैलाकडं बघतात तसं.

विट्याच्या वरच्या अंगाला, खानापूरच्या माळावरचं हे गाव. ज्वारी आली तर आली. म्हणून इथल्या घरटी एक तरी पोरगं सोनं गाळायला मुलखाबाहेर जातं. सोनारांकडचं मोडीचं सोनं आणायचं, मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, त्यातला मळ काढायचा आणि चोख करून परत द्यायचं. ह्या धंद्याला गलाई म्हणतात. तात्याबानं शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता, पण मिसरूड फुटायच्या आत तो ओरिसात पोचला होता. समुद्राच्या कडेच्या एका बाजारगावात त्यानं एका खोलीचं दुकान थाटलं. पुढं भट्टी, मागं निजायला फळ्यांचा माळा. उमर तिथंच गेली. मग एकुलता जयराज हाताशी आला, भट्टीला विजेचा पंखा आला, आणि तात्याबा भाता पोत्यात बांधून रेल्वेनं घरी परतला. आता दुकान जयराज बघत होता. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी जतला गेली होती, आणि तो स्वतः दिवाळीला घरी येणार होता.

भाता कधीच निकामी झालेला. बगलेत चामडं फाटून हात जाईल एवढं भोक पडलं होतं. तरी खंडेनवमीला तात्याबाच्या बायकोनं, चंद्राबाईनं, त्याला हळदकुंकू लावून वर झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. दसरा होऊन गेला, फूल वाळलं, तरी तिथंच राहिलं होतं.

त्या सकाळी ते फूल हलत होतं.

वारा म्हणावा तर पिंपळाचं पानसुद्धा जागचं हलत नव्हतं. फूल जरासं वर जायचं, थांबायचं, पुन्हा खाली यायचं. निजलेल्या पोराच्या पोटावर ठेवल्यासारखं.

"उंदीर," तात्याबा स्वतःशीच म्हणाला. भोकात हात घालून त्यानं कोपरापर्यंत चाचपलं. उंदीर नव्हता. हात बाहेर काढला तर तो दमट लागला. त्यानं नाकाशी नेला. खाऱ्या वाऱ्याचा वास होता. दुकानाच्या मागच्या खिडकीतून रोज संध्याकाळी येणारा. ह्या माळावर तो वास यायचं काही कारण नव्हतं.

'जुनं चामडं हाय,' त्यानं मनाची समजूत घातली. 'मुरलेला वास उन्हानं वर येत असंल.' आणि तो चहा प्यायला घरात गेला. पण जाताना फुलाला त्यानं हात लावला नाही.

२

स्टँडजवळ लालासाहेबाचा फोनचा बूथ होता. लालासाहेब लष्करातून सुभेदार होऊन परतलेला गडी. मिशी अजून ड्युटीवर असल्यासारखी. बूथच्या भिंतीवर त्यानं भारताचा नकाशा लावला होता, आणि गावचं पोरगं ज्या ज्या शहरात गलाई करतं तिथं तिथं टाचणी टोचून शेजारी त्या गावचा फोनचा कोड लिहिला होता. नकाशा बघितला की कळायचं, अर्धं गाव गावात नाहीच.

त्या दिवसांत तिथं गर्दी असायची ती रेडिओसाठी. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं.

"कमी दाबाचा पट्टा तयार झालाय म्हणं," लालासाहेब सांगत होता.

"कमी दाबाचा पट्टा म्हंजे आमच्या आळीचा नळ," नाथाजी म्हणाला. नाथाजी तात्याबाचा शेजारी, तोंडानं फाटका पण मनानं बरा. "त्यो कधी वादळ उठवंल असं वाटत न्हाई."

"हसू नगंस. त्यो पट्टा आता चक्रीवादळ झालाय. रोज जोर धरतोय." लालासाहेबानं कानावरची शिसपेन्सिल काढून निळ्या पाण्यात एक टिंब दिलं. कालच्या टिंबाला ते जोडलं, आणि रेघ पुढं नुसती हवेत ओढून दाखवली. "असंच गेलं तर आंध्राच्या किनाऱ्यावर."

नाथाजीचं हसू तोंडातच राहिलं. आंध्राच्या किनाऱ्यावरची टाचणी त्याच्या पोराची होती.

"आणि वळलं तर?" त्यानं विचारलं.

"वर वळलं तर ओरिसा. आणखी वळलं तर बंगाल."

 सगळे नकाशाकडं बघत होते आणि जो तो आपापल्या टाचणीकडं बघत होता. तात्याबाला अक्षर लागत नव्हतं, पण आपली टाचणी त्याला ठाऊक होती. टिंबापासून ती नाथाजीच्या टाचणीपेक्षा वितभर वर होती. 'खालीच जाऊ दे,' असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याच क्षणी त्यानं नाथाजीकडं पाठ केली. शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघवेना.

३

भाता आता रोज जोर धरत होता.

आधी नुसतं फूल हलायचं. मग वरची फळी उचलायला लागली. मग नळीतून आवाज यायला लागला, लांब आणि खोल. गाय छपरात यायला मागेना. दावं ताणून उन्हात उभी राहायची आणि कान मागं टाकून भिंतीकडं बघायची.

तात्याबानं त्याला सगळी कारणं लावून बघितली. ऊन लागून चामडं आकसतंय. भिंतीला भेग असंल, पलीकडनं हवा येत असंल. भेग त्यानं शेणमातीनं लिंपली. भाता भिंतीपासून ओढून परड्याच्या मधोमध, मोकळ्यावर ठेवला. मोकळ्यावरही तो तसाच भरत होता, तसाच ओसरत होता. बगलेतल्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. ज्याच्यात वारं ठरायलाच जागा नाही, ते भरतं कसं?

त्यानं तो परत आत नेला आणि वर वरवंटा ठेवला. वरवंटाही वर-खाली व्हायला लागला.

चंद्राबाई शेणी न्यायला आली होती. ती दारातच थांबली.

"आवं, ह्याला काय झालंय?"

"काय न्हाई. उंदीर."

"उंदीर वरवंटा उचलतोय व्हय?" तिनं बराच वेळ कान देऊन ऐकलं. पदर तोंडाशी नेला. "ह्ये माणसागत करतंय. दम लागल्यागत."

"आगं, चामडं हाय त्ये."

"आपलं बी चामडंच हाय की," चंद्राबाई म्हणाली आणि शेणी न घेताच परत गेली.

तात्याबा तिथंच उकिडवा बसला. ह्या भात्याशी त्याचा जन्माचा संबंध. त्याच्या आवाजावरून भट्टीची आच कळायची. सोनं कधी पातळ झालं, कधी झाकण काढायचं, हे डोळ्यानं नव्हे तर कानानं ठरायचं. आता तोच कान त्याला सांगत होता की कुठंतरी आच वाढते आहे. आणि संध्याकाळी बूथवर गेलं की रेडिओही तेच सांगत होता. वादळाचा जोर वाढला. आणखी वाढला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

रेडिओनं एक सांगावं आणि भात्यानं ते आधीच सांगितलेलं असावं. ही गोष्ट तात्याबा कुणाजवळ बोलला नाही. बोलून माणसं हसली असती तर बरं वाटलं असतं. कुणी हसलं नसतं तर?

४

दुसऱ्या दिवशी तो चंद्राबाईला घेऊन बूथवर गेला. लालासाहेबानं नंबर जोडून दिला. पलीकडून आधी भट्टीच्या पंख्याची घरघर आली, कुणाच्या तरी सायकलची घंटी आली, मग जयराज आला.

"बोला आबा."

"कवा निघतोस?"

"दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचतो की. का?"

"आजच नीघ."

"आज? झालं काय?"

तात्याबाला खोटं बोलायची सवय नव्हती. ते त्याच्या तोंडातून शिकाऊ पोरागत बाहेर पडलं. "तुझ्या आईला बरं न्हाई."

"काय होतंय?"

"ताप."

"आईकडं द्या फोन."

चंद्राबाईनं फोन घेतला. "मला काय धाड भरलीया? ह्यांचंच काय तरी चाललंय. खातोस न्हवं येळेवर? ... बरं. ... बरं." आणि फोन परत नवऱ्याच्या हातात देऊन ती बाजूला उभी राहिली.

जयराज हसत होता. "आबा, वादळाचं भ्या घेतलंय व्हय? हितं रोज रेडिओ सांगतोय, त्ये आंध्राकडं चाललंय."

"भाता हालतोय रं."

"कुठला भाता?"

"आपला. छपरातला."

"फाटका?"

"व्हय."

पलीकडं पंखा घरघरत राहिला. जयराज आता हसत नव्हता. म्हाताऱ्या बापाशी बोलावं तसं हळू बोलला. "आबा, उंदीर असंल."

"हात घालून बघितलं."

"बरं. असं करतो. दिवाळीचं सोनं पडलंय दुकानात, आठ सोनारांचं. मूस भट्टीवर हाय. तेवढं गाळतो, ज्याचं त्याला पोचवतो आणि निघतो. तुमीच शिकवलंय न्हवं? दुसऱ्याचं सोनं आत असताना गलाईवाल्यानं उंबरा सोडू नये."

शिकवलं होतं. एकदा नव्हे, शंभरदा. तेवढ्या एका गोष्टीवर परमुलखात गावच्या पोरांना लोक डोळे झाकून सोनं देतात. आज तात्याबाला म्हणायचं होतं, 'सोड ते सोनं, खड्ड्यात घाल, तू नीघ.' शब्द जिभेपर्यंत आले. पण सगळी उमर दाताखाली धरून ठेवलेली गोष्ट अशी सुटत नाही.

"मग लवकर पोचव," एवढंच तो म्हणाला.

५

वादळ वळलं.

लालासाहेबानं नवं टिंब दिलं आणि रेघ जोडली तेव्हा ती वाकडी झाली, वर चढली. पेन्सिल त्यानं कानावर ठेवली नाही, हातातच धरली. तात्याबाकडं न बघता म्हणाला, "फोन लावतो. लावून बघतो."

फोन लागला नाही. दुपारीही लागला नाही.

संध्याकाळी नाथाजी घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला. तंबाखूची चंची त्यानं काढली, तशीच परत ठेवली.

"तात्याबा, मी देवाला बोललो व्हतो," तो म्हणाला. "म्हणलं, वळव. नुसतं वळव म्हणलो रं. कुणावर वळव, त्ये न्हाई म्हणलो."

तात्याबा त्याच्याशेजारी बसला. "मी बी बोललो व्हतो, नाथाजी. म्हणलं, वळवू नगंस."

 परड्यातून भात्याचा आवाज येत होता. नाथाजीनं एकदा मान वळवून तिकडं बघितलं.

पुढच्या दिवशी उजाडल्यापासून तो आवाज घरभर झाला. वरवंटा कधीच खाली पडला होता. गाळायचं सोनं जास्त असलं की दोन माणसं भाता मारायची, तेव्हाही असा आवाज कधी आला नव्हता. फळ्या एकमेकींवर आपटत होत्या. नळीतून येणाऱ्या वाऱ्यानं समोरच्या भिंतीचा पोपडा ओला होऊन गळून पडत होता. बाहेर मात्र स्वच्छ ऊन, आणि शेजारच्या तानुबाईनं वाळत घातलेलं लुगडं दोरीवर सरळ, निपचित.

रेडिओनं सांगितलं, वादळ जमिनीला लागलं.

तात्याबा छपराच्या दारात हात जोडून उभा होता. कुणापुढं जोडले होते ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि डोक्यावर ऊन आलं असताना भाता थांबला.

एकदम थांबला. फळी वर गेली, खाली आली, आणि खालीच राहिली.

तात्याबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भाता थांबला म्हणजे काय, हे त्याला सांगायला नको होतं. भाता थांबला म्हणजे गळून झालं. आच उतरली. झाकण काढायचं, आतलं सोनं बाहेर घ्यायचं. "झालं गं!" तो घराकडं बघून ओरडला. "सरलं वादळ!" आणि पायांत काही न घालता बूथकडं निघाला.

६

लालासाहेब बूथच्या पायरीवर रेडिओची काडी फिरवत बसला होता. तात्याबा आत शिरला आणि फोन वाजला.

एरवी त्यानं कधी फोन उचलला नसता. आज उचलला.

"आबा."

"जयराज! बाळा! बरा हायस न्हवं?"

"शांत झालंय आबा. वारं थांबलं."

"ठाऊक हाय मला! आताच थांबलं. झालं ते, सरलं."

"सोनं माळ्यावर ठेवलंय. समद्यांचं."

"राहू दे रं सोनं. तू कसा हायस?"

त्याचं उत्तर आलं नाही. तात्याबाच्या ध्यानात आलं की पलीकडं काहीच वाजत नाही. पंखा नाही, रस्ता नाही, माणूस नाही. मडक्यात तोंड घालून बोलावं तसा जयराजचा आवाज, आणि त्याच्या मागं नुसतं काही नाही. 'वीज गेली असंल,' तात्याबानं ताडलं. 'वादळात वीज जाणारच.'

"आबा, लय दमलो."

"मग पड की जरा."

"व्हय." बराच वेळ गेला. "जातो मी."

आणि इथं तात्याबाच्या तोंडून ते गेलं. कुणाच्याही गेलं असतं. आपल्याकडं लेकरू दारातून बाहेर पडताना हे बोललं तर कुठला बाप गप्प बसेल?

"जातो न्हाई म्हणू रं! किती येळा सांगायचं तुला? येतो म्हणावं. म्हण, येतो."

तो हसलासुद्धा हे बोलताना. जीव हलका झाला होता त्याचा.

पलीकडं पुन्हा ते काही नसणं. मग जयराज म्हणाला, "येतो." लहानपणी म्हणायचा तसं. शिकवलेलं म्हणून दाखवल्यासारखं, आज्ञेत राहून.

तात्याबा बाहेर आला. "जयराजचा फोन व्हता. बरा हाय. वारं थांबलं म्हणाला."

लालासाहेब त्याच्याकडं बघत राहिला. "कसा लागंल? तिकडची लाइन कालपासनं तुटलीया. कटकसुदीक लागत न्हाई."

"कुठनं तरी लागला असंल."

"असंल," लालासाहेब म्हणाला. पण तो उठून उभा राहिला होता. "तात्याबा, काय म्हणाला म्हणलासा? वारं थांबलं?"

"एकदम थांबलं म्हणाला."

लालासाहेबानं रेडिओ बंद केला. सुभेदाराचा आवाज त्यानं कुठं ठेवून दिला कुणास ठाऊक, फार मऊ बोलला. "वादळाला मधी डोळा असतोय. त्या डोळ्यात वारं नसतंय. समदं गप हुतंय. मानसं म्हणत्यात, सरलं. पर डोळा पुढं सरकला की माघारी येतंय, उलट्या अंगानं. पहिल्यापरीस जोरात. आणि दर्या संगं घिऊन."

तात्याबा पळत घरी आला. त्या वयात जेवढं पळता येतं तेवढं.

भाता चालू होता. पण आता तो वारं टाकत नव्हता, ओढत होता. छपरातला भुसा, कडब्याची पानं, कोपऱ्यातली जळमटं, सगळं सरपटत त्याच्या नळीकडं निघालं होतं. तात्याबानं दोन्ही हातांनी फळ्या दाबून धरल्या, छाती टेकवली, सगळा भार टाकला. त्याच्या छातीखाली तो भरत होता, भरतच होता. ओसरायला तयार नव्हता. दिवस कलेपर्यंत म्हातारा त्याला तसाच मिठी मारून पडला होता. चंद्राबाईनं येऊन सोडवला तेव्हा चामडं गार पडलं होतं.

"काय म्हणाला त्यो फोनवर?" तिनं विचारलं.

"येतो म्हणाला," तात्याबा म्हणाला. ते खरंच होतं.

७

पुढं जे कळलं ते तुकड्यातुकड्यानं. शेजारच्या जिल्ह्यात गलाई करणारा गावचा दादासो पाणी उतरल्यावर तिथं जाऊन आला. त्याचा निरोप आला. दुकानाची मागची भिंत नाही. पाणी माळ्याच्या वर होतं. सोन्याची पिशवी माळ्याच्या आढ्याला बांधलेली सापडली, कुणाचं किती त्याच्या चिठ्ठ्यांसकट, सोनारांना दिली. जयराज नाही सापडला.

"सापडंल कसा?" चंद्राबाई म्हणाली. "त्यो निघालाय. येतो म्हणालाय न्हवं ह्यांना?"

गल्लीतल्या बाया पदर डोळ्याला लावून आल्या. तिनं कुणाला रडू दिलं नाही. तानुबाईनं गळा काढला तशी तिला हाताला धरून बाहेर नेलं. "शुभ बोलावं. सून पोटुशी हाय माझी." आणि मधल्या खोलीत तिनं जयराजची वाकळ अंथरली.

पहिल्यांदा ऐकलं ते तात्याबानं. दुपार होती. मधल्या खोलीतून श्वास येत होता.

त्याला वाटलं, भाताच. तो परड्यात जाऊन बघून आला. भाता भिंतीशी पडला होता, मेलेला, घड्यांवर घड्या बसून. परत आला तर श्वास होताच. कौलांतून वारं येत असंल. कणगीत घूस शिरली असंल. तो दारापर्यंत गेला आणि दारातच उभा राहिला. वाकळ रिकामी होती. श्वास वाकळेवरून येत होता.

लांबून चालत आलेल्या माणसाचा तो श्वास. आत जाताना घरघरणारा, बाहेर येताना मधेच अडकणारा. भात्यात पाणी शिरलं की असा आवाज येतो. मग तो कितीही मारा, वारं देत नाही. नुसते हाल होतात त्याचे.

"निजलाय," चंद्राबाई मागून म्हणाली. "हळू बोला."

लालासाहेब बसायला आला होता. चहाचा कप तोंडाला लावला आणि मधल्या खोलीकडं बघून तसाच धरून राहिला. मग कप खाली ठेवला, टोपी उचलली आणि गेला. नाथाजी उंबऱ्याच्या आत येईना. जतहून सुनेचा भाऊ आला. त्यानं विचारलं, "मामा, दिवस घालायचं काय करायचं? अक्काला काय सांगू?" चंद्राबाई आतून म्हणाली, "सांग, आलाय म्हणून. दमलाय म्हणून सांग."  तात्याबानं मान खाली घातली.

दिवाळी आली, गेली. त्या घरात पणती लागली नाही आणि सुतकही धरलं नाही.

श्वास मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालला. सकाळी जरा बरा असायचा, दुपारी घरघर वाढायची. तात्याबा दाराच्या चौकटीला पाठ लावून बसून राहायचा. जेवायचा नाही. त्याला आता कळलं होतं. पोरगं निघालं होतं. चांगलं सांगून, परवानगी मागून निघालं होतं. बापानंच दरडावून माघारी वळवलं. आणि आज्ञेतलं लेकरू ते, पाणी भरल्या छातीनं एवढा मुलूख तुडवत आलं.

अशाच एका दुपारी त्यानं मान वर केली तेव्हा वाकळ रिकामी नव्हती. पूर्ण काही दिसलं नाही. वाकळेच्या काठाशी एक हात होता. सोनं चोख करायच्या तेजाबानं पिवळी पडलेली बोटं, अंगठ्याला भट्टीचा जुना चटका. बोटं वाकळेचा काठ धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. दर श्वासाला.

तात्याबानं तोंड उघडलं. काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. एकच अक्षर होतं. पण ते अक्षर ह्या घरात कुणी कधी पोराला म्हटलं नव्हतं. बाजारला निघालेल्याला नाही, रेल्वेला निघालेल्याला नाही. जीभ वळेना. त्याच्या स्वतःच्याच छातीचा भाता झाला.

चंद्राबाई येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. ती वाकळेकडं बघत होती. किती वेळापासून बघत होती कुणास ठाऊक.

"आवं," ती म्हणाली, "म्हणा की आता."

तात्याबानं चमकून तिच्याकडं मान वळवली.

"मला पहिल्या दिशीच कळलंय. आई हाय मी. निजलेल्याचा दम असा असतोय व्हय?" तिचा आवाज अगदी साधा होता, भाकरीला पीठ किती घेऊ विचारावं तसा. "तुमचं काळीज फुटंल म्हणून निजलाय म्हणत व्हते मी. तुमास्नी वाटत व्हतं माझं फुटंल. आपल्या दोघांच्या नादात त्याचं हाल चाललंय."

"माझ्यानं न्हाई व्हायाचं, चंद्रा."

"तुमचंच ऐकंल त्यो. येतो तुमीच म्हणायला लावलंया."

तिनं त्याचा हात हातात घेतला. वाकळेच्या काठावरची बोटं घट्ट मिटली होती, वाट बघत असल्यासारखी.

"जा, बाळा," तात्याबा म्हणाला.

मिटलेली बोटं सुटली. श्वास एकदा आत गेला, आणि ह्या वेळी न अडकता, लांब, सरळ बाहेर आला. त्यानंतर खोलीत नुसती दुपार उरली.

चंद्राबाई उठली. वाकळेची तिनं चौघडी केली. वाकळ अजून उबदार होती. ती छातीशी धरून ती सोप्यातून चालत उंबऱ्यापर्यंत गेली, भर उन्हात दारात उभी राहिली, आणि मग तिनं हंबरडा फोडला. गल्लीतल्या बाया हातातली कामं टाकून धावत आल्या.